बॉयलरमधले भाऊजी

"गप्प बसा, आता कण्हतील!" लाँड्रीच्या दारात उभी असलेली इस्त्रीवाली म्हणाली आणि रस्त्यापर्यंत साचलेली गर्दी एकदम चिडीचूप झाली. हॉस्पिटलच्या चादरींची हातगाडी मधेच अडकली होती. तिच्या गाडीवाल्यानेही टोपी काढून हातात धरली.

बॉयलरच्या खोलीतून आवाज आला. आधी बारीक घुं घुं, मग पोटात कळ आलेल्या माणसाने दातओठ आवळून कण्हावं तसा लांबट सूर, आणि शेवटी आतून कोणी मुठीने ठोकावं तसे तीन-चार ठोके.

"अगदी तस्सेच," इस्त्रीवाली म्हणाली. "खोकायच्या आधी असंच करायचे."

ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं ते माझे भाऊजी, माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. एकवीस वर्षं त्यांनी या लाँड्रीचा बॉयलर चालवला. दोन महिन्यांपूर्वी छातीत दुखायला लागलं म्हणून दवाखान्यात गेले, ते परत आलेच नाहीत. त्यानंतर दीड महिन्याने बॉयलर कण्हायला लागला आणि आठवड्याभरात अख्ख्या वस्तीने ठरवून टाकलं की भाऊजी बॉयलरमध्ये आहेत.

मी प्लंबर आहे. लोकांच्या घरचे नळ, टाक्या आणि गीझर यांच्यात माझी तीस वर्षं गेली. एवढ्या काळात नळातून मी बरंच काही निघताना पाहिलं आहे. शेवाळ, गंज, कोणाची तरी अंगठी, एकदा तर अख्खी पाल. माणूस निघालेला मात्र अजून पाहिलेला नाही.

गर्दी बाजूला झाली आणि मौनीबाबा आत आले. नाव मौनी, पण तोंडाला क्षणाची उसंत नाही. अंगात पांढराशुभ्र झगा, खाली चांगले जाड तळाचे बूट, हातात बुचाचा मोठा काचेचा जार.

"मी बोलत नाही हं," आल्या आल्या ते म्हणाले. "माझ्या तोंडून मौन बोलतं."

आणि ते मौन जे सुटलं ते वीस मिनिटं थांबलं नाही.

"देह म्हणजे काय? भांडं! आत्मा म्हणजे काय? वाफ! भांडं फुटलं तर वाफ जाईल कुठे? दुसरं भांडं शोधील! ज्या भांड्यापाशी जन्म काढला त्याच भांड्यात शिरेल! आणि इथलं पाणी कसं आहे, मंडळी?"

"जड!" सगळे एका सुरात ओरडले.

हे उत्तर लोकांना पाठ होतं, कारण ते खुद्द भाऊजींनीच पाठ करून घेतलं होतं. "इथलं पाणी जड आहे, मीठ चुकवू नका," हे त्यांचं पालुपद. भेटेल त्याला सांगायचे. दर शनिवारी पाठीवर मिठाचं पोतं घेऊन यायचे आणि बॉयलरशेजारच्या निळ्या टाकीत रिकामं करायचे. आता आपल्या बोलण्यात जागा जड असते, झाड जड असतं, म्हणजे तिथे काहीतरी वावरत असतं. लोकांनी हिशोब जुळवला. पाण्यात काहीतरी आहे, हा माणूस मिठाने ते बांधून ठेवतो. माणूस गेला तेव्हा हिशोब आणखी पक्का झाला. जड पाण्याने शेवटी त्यालाच ओढून घेतलं.

बाबा बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या उघड्या लोखंडी टाकीपाशी गेले. तिच्या कडांना पांढरे पापुद्रे धरले होते. जारचं बूच काढून त्यांनी धार सोडली, तशी टाकीची कड फसफसली, पांढरा फेस वर आला आणि फुस्स फुस्स असा आवाज सुरू झाला. चारदोन बायका किंचाळल्या.

"चिडलाय तो! आच सोसत नाही त्याला! आच निम्मी करा!"

लाँड्रीचे मालक भाऊजींच्या मागे स्वतःच बॉयलर सांभाळत होते. त्यांनी धावत जाऊन गॅसची चावी निम्मी फिरवली. दोन-तीन मिनिटांत कण्हणं बारीक झालं, मग थांबलं. गर्दीतून एक मोठा श्वास सुटला. बाबांनी डोळे मिटून हात वर केला आणि म्हणाले, "आता मीठबीठ काही टाकू नका. बिचाऱ्याच्या जखमेवर मीठ चोळायचं नाही."

लोक हसले नाहीत. मला एकट्यालाच हसू आलं आणि लगेच ते गेलं, कारण समोर ताई उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा इतका निवलेला होता की मी मान खाली घातली.

मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं तो आवाज कसला आहे. कोणत्याही प्लंबरला माहीत असतं. तरी मी दीड महिना तोंड उघडलं नाही. त्याचं कारण सांगतो, पण ते समर्थन म्हणून वाचू नका.

ताई त्याच लाँड्रीत चादरींच्या घड्या घालते. भाऊजी गेल्यावर ती कामावर यायची, घड्या घालायची, घरी जायची. बोलायची नाही. डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. माझी बायको रोज काहीतरी करून पाठवायची, ते सगळं परत यायचं. मग एके दुपारी बॉयलर कण्हला. ताई उठून आत गेली, बॉयलरच्या पत्र्यावर तळवा ठेवून उभी राहिली आणि थोड्या वेळाने स्टूल ओढून तिथेच जेवायला बसली. मी पाइपचा पाना परत न्यायला म्हणून गेलो होतो. दारातून मला ऐकू आलं.

"पोरीचा फोन आला होता," ती बॉयलरला सांगत होती. "तिकडे सगळं बरं आहे म्हणाली. तुमचा स्वेटर मी तिलाच देणार आहे, तुम्ही काही बोलू नका."

बॉयलर कण्हला. ती हसली.

मी पाना न घेताच परत आलो. जेवतेय ना, म्हटलं, जेवू दे. पुढे सावकाश सांगू. हे 'सावकाश' फार सोयीचं असतं. त्यात आपण भले ठरतो आणि जीभही विटाळत नाही.

मौनीबाबांचं तीर्थ दरम्यान घरोघरी पोचलं. बाटलीवर 'शांतजल' असं लिहिलेलं. गीझर गुरगुरतो? शांतजल. शॉवरच्या भोकांतून पाणी येत नाही? शांतजल. आणि खरं सांगायचं तर गुण येत होता. तुंबलेले शॉवर मोकळे होत होते. नळाच्या तोंडाची पांढरी खपली विरघळून जात होती. लोक माझ्याकडे बघून डोळे मिचकवायचे. म्हणजे आता तुझं काय, असं.

तीन आठवड्यांनी माझा फोन खणखणायला लागला. एकाच गल्लीत चार गीझर गळत होते. खोलून पाहिले तर आतल्या तांब्याला सुईने टोचावं तशी भोकं. चारही घरांत बेसिनखाली शांतजलची रिकामी बाटली. मी एकीचं बूच काढून वास घेतला आणि नाकात झणझणलं. संडासाच्या फरशा घासायचं ऍसिड, पाणी घालून पातळ केलेलं.

"अहो, हे ऍसिड आहे," मी त्या घरच्या आजोबांना म्हटलं. "क्षार खातं, हे खरं. पण खपली संपली की धातू खायला लागतं. ते थांबत नसतं."

"तुमचा धंदा बसला म्हणून जळताय," आजोबा म्हणाले. त्यांच्या पायाखाली पाण्याचं थारोळं साचलं होतं आणि ते त्यात उभे राहून मला हे ऐकवत होते.

लाँड्रीतही सगळं आलबेल नव्हतं. निम्म्या आचेवर वाफ कमी पडत होती. चादरी दमट राहत होत्या आणि हॉस्पिटलने दोन गाड्या परत पाठवल्या. मालकांनी आच वाढवली, तसं कण्हणं परत आलं. त्याच्या जोडीला एक नवीन आवाज सुरू झाला. बॉयलरच्या डोक्यावरची वजन लावलेली दांडी उचलली जायची आणि कर्कश शिट्टी मारत वाफ बाहेर पडायची. दिवसातून चार-पाच वेळा. इस्त्रीवालीने अंगाला थरकाप आणून मला सांगितलं होतं, "आता ते ओरडतात हो." मी ऐकलं आणि गीझर दुरुस्त करायला गेलो. तेव्हाच जायला हवं होतं मी तिथे. ती बोच माझी आहे आणि ती माझ्याकडेच राहील.

मग एका सकाळी ताईचा फोन आला.

"येतोस का रे? आज यांना मोकळं करणार आहेत. बाबा म्हणाले, पूर्ण आच द्यायची, घरच्या माणसाने दोन्ही हात लावून समोर बसायचं, म्हणजे ते निरोप घेऊन जातील." तिचा आवाज शांत होता. "मला वाटतं आता जाऊ द्यावं त्यांना. किती दिवस अडकवून ठेवायचं."

"बरं," मी म्हटलं. "येतो."

"परत यायला नकोत म्हणून वरची वाटही बांधली आहे बाबांनी."

"कसली वाट?"

"ती दांडी नाही का उचलली जायची, शिट्टी मारत? तांब्याच्या तारेने बांधलीय. सात वेढे."

ती दांडी म्हणजे जास्तीचा दाब बाहेर सोडणारी झडप. मी विचारलं, "आच दिली का?"

"अर्धा तास झाला. ये लवकर."

मी सायकल कशी दामटली ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की सगळ्या वाटेवर मी स्वतःला शिव्या घालत होतो.

अंगणात शंभर-दीडशे माणसं. मौनीबाबा फाटकाजवळ, रस्त्याच्या अगदी कडेला, खुर्चीत बसून मौन पाळत होते, म्हणजे बोलत होते. मी गर्दी ढकलत आत शिरलो. खोलीत भट्टीसारखी धग. ताई स्टुलावर बसली होती. दोन्ही तळवे पत्र्यावर, मधे घडी घातलेला टॉवेल, कारण पत्र्याचा चटका बसत होता. डोळे मिटलेले. बॉयलर आता कण्हत नव्हता, आतून गडगडत होता.

मी दाबाच्या काट्याकडे पाहिलं. तीन. अर्धा तास पूर्ण आच आणि काटा तीनवर. काचेवर बोटाने टिचकी मारली, काटा हलला नाही. खालची पाण्याची पातळी दाखवणारी नळी दुधासारखी पांढरी झाली होती, तिच्यातून काहीच दिसत नव्हतं. आणि वर, दांडीला चमकणारी नवी तार. सात वेढे.

मी गॅसची चावी गाठली आणि पूर्ण बंद केली. ज्योत भप्प करून विझली.

"अरे, काय करतोयस!" मालकांनी माझं मनगट धरलं. "विधी अर्धवट राहिला तर उलटेल तो!"

"बाहेर व्हा," मी ओरडलो. "सगळे बाहेर, रस्त्यापलीकडे! हा काटा मेलाय. आत दाब किती आहे ते देवालाही कळायचं नाही!"

"माझ्या परवानगीशिवाय..."

"मग बाबांना आणून बसवा या स्टुलावर! ते बसले तर मी स्वतः गॅस चालू करतो."

सगळ्यांनी मागे वळून फाटकाकडे पाहिलं. बाबा खुर्चीतून अर्धवट उठले.

"माझं आसन ठरलेलं असतं," ते म्हणाले.

"कुठे?"

"इथेच. फाटकापाशी."

कोणीतरी फिसकन हसलं. मालकांनी माझं मनगट सोडलं. त्यांनी वरच्या तारेकडे पाहिलं, फाटकापाशी मांडलेल्या त्या खुर्चीकडे पाहिलं, आणि मग तेच सगळ्यांना बाहेर हाकायला लागले.

ताई उठेना. मी तिला खांद्याला धरून उठवलं, ओढलं म्हणायला हवं. तसाच रस्ता ओलांडून नेलं. पलीकडे पोचल्यावर तिने माझ्या थोबाडीत मारली.

"निरोप घेत होते ते माझा," ती म्हणाली. "तू विझवलंस त्यांना. दुसऱ्यांदा नेलंस."

शंभर माणसांसमोर खाल्लेल्या त्या थपडेपेक्षा ते 'दुसऱ्यांदा' मला लागलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

बॉयलर थंड व्हायला दुपार उलटणार होती. गर्दी चहाच्या दुकानासमोर ताटकळत उभी होती आणि तिची कुजबुज मला नीट ऐकू येत होती. बहिणीचा विधी मोडला. भूत याच्याच मानगुटीवर बसणार. इतक्यात मागे, चहावाल्याच्या शेगडीवरून आवाज आला. घुं घुं. मग लांबट कण्हणं. मग टक टक.

सगळे वळले. शेगडीवर त्याची पाण्याची जुनी मोठी किटली होती.

"ही रोजच करते," चहावाला कसनुसा होऊन म्हणाला. "तेच बोअरचं पाणी आहे ना."

"झाकण काढा," मी म्हटलं. "या, एकेकाने आत बघा."

किटलीच्या तळाला बोटभर जाडीचा पांढरा थर होता. मी चमच्याने खरवडला तर खडूसारखा कर्र आवाज आला. इस्त्रीवाली पुढे आली, वाकली आणि बराच वेळ बघत राहिली.

"यात कोण आहे?" मी तिला विचारलं. "हिच्यासमोर तर कोणी मेलेलं नाही."

"मग आवाज कसला?"

"या थराचा. पाण्यात चुना विरघळलेला असतो. पाणी तापलं की तो सुटतो आणि तळाला धरतो. मग आच आणि पाणी यांच्यामध्ये ही भिंत. पाणी थराच्या फटींत अडकतं, तिथल्या तिथे भडकून वाफ होतं, वाफ वरच्या पाण्यात शिरली की फटकन मिटते. असे हजारो बुडबुडे फुटले की भांडं कण्हतं. आच कमी केली की गप्प बसतं. बघा."

मी शेगडी बारीक केली. कण्हणं थांबलं. पुन्हा मोठी केली, पुन्हा सुरू झालं. तीनदा केलं.

"पण फेस आला होता!" गाडीवाला म्हणाला. "आम्ही डोळ्यांनी पाहिलं, तीर्थ ओतल्यावर फसफसलं ते."

"कोणाकडे बाटली आहे?"

एकाच्या पिशवीत निघाली. मी दुकानाच्या संगमरवरी पायरीवर चार थेंब टाकले. पायरी फसफसली. मग चहावाल्याकडून लिंबू घेतलं, किटलीतून खरवडलेला चुरा बशीत ठेवून त्यावर पिळलं. बशीही फसफसली.

"पायरीत कोणाचा आत्मा आहे?" मी विचारलं. "आणि तो लिंबालाही घाबरतो का? मग बाबांची गरज काय, मंडईत जा!"

ह्या वेळी लोक हसले. फाटकाजवळची खुर्ची रिकामी होती. मौनीबाबांनी खरंखुरं मौन स्वीकारून केव्हाच काढता पाय घेतला होता, जार तिथेच ठेवून.

इस्त्रीवाली हसली नाही. ती म्हणाली, "पण ते स्वतः म्हणायचे की पाणी जड आहे. आम्हाला काय माहीत! जड म्हटल्यावर आम्ही दुसरं काय समजणार?"

"ज्या पाण्यात चुना जास्त, ते जड पाणी. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, भांड्याला खपली धरते. एवढाच अर्थ. ती निळी टाकी पाण्यातला चुना काढून घेते. तिच्यात बारीक मणी भरलेले असतात, चुना त्यांना चिकटतो. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुवायचे, म्हणजे पुन्हा कामाला लागतात. भाऊजी भूत बांधत नव्हते हो. मणी धूत होते."

ताई एका बाजूला बाकावर बसली होती. तिने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी बॉयलरचा मिस्त्री आला. त्याने आधी वर चढून तार कापली आणि हातात घेऊन खाली उतरला. "ही कोणी बांधली?" त्याने विचारलं. मग तो काट्याची नळी काढून माझ्या हातात देत म्हणाला, "फुंकर मार." हवा पलीकडे जाईना. क्षाराने ती पूर्ण बुजली होती. दाब वाढला की गॅस आपोआप बंद करणारं यंत्रही त्याच नळीवर होतं. म्हणजे बॉयलरला आपला दाब सांगायचं एकच तोंड उरलं होतं, वरची दांडी. आठवडाभर ती शिट्टी मारून लोकांचे जीव वाचवत होती आणि लोकांनी तिचंच तोंड बांधलं.

मिस्त्रीने पोटाचं झाकण उघडलं. आतून पांढऱ्या खपल्याच खपल्या निघाल्या, काही तळहाताएवढ्या. तो त्या घमेल्यात भरत राहिला. मालक भिंतीला टेकून उभे होते. अचानक म्हणाले, "तीन वेळा सांगितलं होतं त्यांनी मला. आठ दिवस बंद ठेवा, आतून साफ करून घेऊ. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात."

"आणि भूत निघाल्यावर?" मी विचारलं.

ते खाली बघत होते. "भूत निघाल्यावर मला कोणी काही विचारलंच नाही."

ताई दारात उभी होती. ती केव्हा आली आम्हाला कळलं नव्हतं. घमेल्यातली एक खपली उचलून तिने उलटसुलट केली.

"ते असताना हा आवाज का नव्हता?" तिने मला विचारलं. आदल्या दिवसापासूनचं तिचं पहिलं वाक्य.

"कारण ते शनिवारी मीठ घालायचे. रोज सकाळी खालचा नळ सोडून तळाचा गाळ काढायचे. ते गेल्यावर हे कोणीच केलं नाही." पुढचं मला टाळता आलं असतं, पण दीड महिना न बोलण्याचं फळ समोर घमेल्यात पडलं होतं. "ताई, तो आवाज भाऊजींचा नव्हता. भाऊजी नाहीत, याचा होता."

तिने खपली घमेल्यात ठेवली आणि ती खाली बसून ओरडून रडली. दवाखान्यातून मृतदेह आणला तेव्हाही ती तशी रडली नव्हती. इस्त्रीवालीने तिला जवळ घेतलं. मिस्त्री हत्यारं ठेवून बाहेर गेला.

त्यानंतर ताई माझ्याशी महिनाभर बोलली नाही. माझ्या बायकोशी बोलायची, माझा विषय काढायची नाही. मी ते मुकाट्याने घेतलं. खरं सांगितल्याबद्दल कोणी हार घालतं असं मी कधी मानलं नव्हतं, आणि मी तर उशिरा सांगितलं होतं.

मग एका रविवारी ती सकाळीच माझ्या दारात आली. पायांत चपला, हातात पर्स.

"चल," ती म्हणाली. "कामाच्या मुलींचं वसतिगृह आहे ना, दोन बसथांबे पुढे. तिथलं गरम पाण्याचं यंत्र रडतं म्हणे. जुनी स्वयंपाकीणबाई गेली गेल्या वर्षी. मौनीबाबा येणार आहेत."

"तू कशाला? मी जाऊन सांगतो."

"तुझं कोण ऐकतंय? तू प्लंबर." तिने नाक उडवलं. "धंदा बसला म्हणून जळतोयस म्हणतील."

वसतिगृहाच्या अंगणात तीच गर्दी होती. माणसं वेगळी, तोंडांवरचे भाव तेच. नवा जार, तेच भांडं, तीच वाफ. ताईला पाहिल्यावर बाबा क्षणभर अडखळले, पण जीभ तयारीची होती.

"ही पाहा ती दुर्दैवी माउली! हिच्या भावाने विधी मोडला आणि हिचा नवरा कायमचा..."

"हो, मीच ती," ताई म्हणाली आणि पायरीवर चढली. ताई चार माणसांत कधी बोललेली नाही. "माझा नवरा बॉयलरमध्ये आहे, असं मी मानत होते. त्याच्याशी बोलत होते. त्याला टेकून जेवत होते. या माणसाने वाफेची वाट तारेने बांधली, मला समोर बसवलं आणि स्वतः फाटकापाशी खुर्ची टाकली. मी उघडून पाहिलंय आत. आत चुना होता. दोन घमेली चुना."

"श्रद्धा नसेल तर..." बाबा म्हणाले.

"श्रद्धा माझ्याएवढी इथे कोणाची नव्हती. तीच घेऊन मी मरणार होते." ती मुलींकडे वळली. "तुम्हाला ती बाई आवडायची ना? मग रडा तिच्यासाठी. मी येते तुमच्यासोबत रडायला, मला सवय आहे. पण आवाज कसला ते कोणी सांगितलं म्हणून मानू नका. मी सांगते म्हणूनही मानू नका. आधी आच बंद करा, गार होऊ द्या, उघडा आणि आपल्या डोळ्यांनी बघा. जो उघडू नका म्हणतो ना, त्याला विचारा, तू कुठे बसणार आहेस."

आत ते यंत्र कण्हत होतं आणि एक मुलगी तोंडावर हात ठेवून ताईकडे बघत होती. मग वसतिगृहाच्या वॉर्डनबाई उठल्या, चष्मा नीट केला आणि गॅसची चावी बंद करायला आत गेल्या.